चार बोटं आखूड

गोदाचं लुगडं दांड्यात गेलं तेव्हा ती आधी ओरडली नाही. तिने मला हाक मारली. "जिजी," म्हणाली, चहाला बोलवावं तशी. मी वळून बघितलं तर तिच्या मांडीवरचा लुगड्याचा घोळ टेबलाखाली ओढला जात होता आणि घोळाबरोबर ती. मग ती ओरडली.

गोदा माझी धाकटी जाऊ. माझ्या शेजारच्या जागेवर बसून सुताच्या कांड्या भरत होती. टेबलाच्या फळीखालून लोखंडी दांडा फिरत होता, दांड्याला इंजिनाचा पट्टा होता, आणि इंजिन भिंतीपलीकडे. इंजिनवाला बाहेर विडी ओढत बसलेला. वीस बाया एकदम ओरडल्या की एकीचंही ऐकू जात नाही. मी गोदाच्या काखेत हात घालून तिला मागे ओढत होते, दांडा तिला पुढे ओढत होता. दांडा माझ्यापेक्षा ताकदीचा होता. तिच्या मांडीचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला.

तेवढ्यात मास्तर आले. बाकाच्या टोकाला त्यांनी बनवलेली लाकडी बाई बसवलेली असे, आमच्याएवढी, लुगडं नेसवलेली. तिला त्यांनी कमरेत धरून उचललं आणि पट्टा जिथे चाकावर चढतो तिथे डोक्याकडून घुसवली. लाकडाचे तुकडे शेडभर उडाले. पट्टा चाकावरून उतरला. दांडा आणखी दोन फेरे फिरला आणि थांबला.

मास्तरांचं उजवं मनगटही त्यात गेलं होतं. ते जमिनीवर बसले. मनगटाकडे त्यांनी बघितलं नाही. आम्ही गोदाला सोडवत होतो आणि ते वाकून तिचा गुडघा आणि वरचा दांडा यांच्यामधली जागा बघत होते.

"इथे पाच बोटं अंतर होतं," ते म्हणाले. "मी स्वतः ठेवलं होतं. कुठे गेलं?"

ते अंतर कुठे गेलं ते मला माहीत होतं. शेडमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. आम्ही आधी मिस्त्री म्हणायचो, ते त्यांना आवडत नसे. "मी मिस्त्री नाही," म्हणायचे. काशीबाईने एकदा विचारलं, "मंग तुम्ही हाये तरी कोन?" तर म्हणाले, "ते अजून ठरलेलं नाही." मग मास्तरच झाले. काशीबाई आमच्यातली सगळ्यात म्हातारी. तिने नाव ठेवलं की ते पक्कं.

संस्थानं विलीन झाली त्यानंतरची ती वर्षं. बुऱ्हाणपुरात तेव्हा रोज नवी माणसं उतरत. कोणी सिंधमधून आलेलं, कोणी नोकरी गेलेलं. मास्तर एका छोट्या संस्थानातून आले होते. संस्थान किती छोटं ते ते असं सांगायचे: राजांचा घोडा दौडवला तर दुसऱ्याच्या राज्यात जायचा, म्हणून त्याला आधी वळायला शिकवलं होतं. मास्तर त्या राजांकडे घोड्यांचे फोटो काढायला होते. घोडा लंगडतो तो नेमका कुठे लंगडतो हे डोळ्यांना दिसत नाही, एवढं ते भरभर होतं. मास्तर घोड्याच्या चारही पायांना छोटे दिवे बांधत, अंधाऱ्या पागेत त्याला पळवत आणि कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवत. घोडा दिसत नसे. काचेवर फक्त उजेडाच्या चार रेघा उमटत. ज्या रेघेत खोड, त्या पायात खोड. राजांना याचं वेड होतं आणि मास्तरांना राजांपेक्षा जास्त.

"राजे भारतात विलीन झाले," मास्तर सांगायचे, "घोडे बाजारात विलीन झाले, आणि मी तुमच्या बुऱ्हाणपुरात."

त्यांना माणसाचं तोंड लक्षात राहत नसे. खरंच नसे. वर्षभर मी समोर होते, पण बाजारात भेटले तर ओळखत नसत, मी चार पावलं चालले की ओळखत. राजपुरा ही आमची वस्ती; तिच्या वेशीच्या पायरीवर ते सकाळी बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत. "या बाईच्या डाव्या टाचेत काटा आहे." "हा माणूस लहानपणी झाडावरून पडलाय." निम्मं खरं निघे. निम्मं खोटं निघे तेव्हा म्हणायचे, "त्याला आठवत नसेल." बायांना ते आवडत, कारण तोंडाकडे बघतच नसत. पुढे शेडमध्ये प्रत्येक बाईला त्यांनी तिच्या हातावरून नाव दिलं होतं. एक खांदा उचलणारी, एक झटका देणारी. मी दोन गाठी. माझा हात एका फेऱ्यात दोनदा थबकतो असं त्यांचं म्हणणं. मला ते माहीत नव्हतं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि माझा हात थबकतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ते स्वतः फार वाईट चालत. घोड्यावरून पडून एक पाय आखूड झाला होता. पण दुसऱ्याची चाल काढायला लागले की तो पाय सरळ होई. आमच्या शेडचा मालक सेठ; वेशीपाशी त्याची चाल काढताना एकदा सेठच मागे येऊन उभा राहिला. आम्ही माना खाली घातल्या.

"किसकी नकल हो रही है?" सेठने विचारलं.

"आपकी," मास्तर म्हणाले. "आपका दायाँ घुटना दुखता है. जीना चढते वक्त नहीं, उतरते वक्त."

सेठचा हात गुडघ्यावर गेला. मग म्हणाला, "किसने बताया?" आणि खुर्ची मागवून मास्तरांच्या समोर बसला. तासभर गुडघ्याबद्दल बोलत होते दोघे. अशी त्यांना नोकरी लागली.

काम काय होतं ते सांगते. सेठची राजपुऱ्यात लांब पत्र्याची शेड होती. आम्ही वीस बाया तिथे कांड्या भरत असू. कांडी म्हणजे विणकराच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. शहरभर माग चालत, त्यांना कांड्या लागत. जमिनीवर बसायचं, उजव्या हाताने रहाट फिरवायचा, डाव्या चिमटीतून सूत सोडायचं. संध्याकाळी एकमेकींना हात देऊन उठवावं लागे. पाठी धरत. बाळंतपणानंतर तर बसवतच नसे. सेठला इंजिनावर चालणारं लांब टेबल करायचं होतं, म्हणजे एकाच दांड्यावर सगळ्यांच्या कांड्या फिरतील. त्यासाठी आमचे हात कसे चालतात ते आधी बघायला हवं असं मास्तरांनी त्याला पटवलं.

मास्तरांनी शेडच्या खिडक्यांना बारदान लावलं. भरदुपारी आत काळोख. एकेका बाईला रहाटासमोर बसवून तिच्या दोन्ही मनगटांना टॉर्चचा बल्ब, कमरेला सेल. बांधायचं काम माझं. ते स्वतः कोणाला हात लावत नसत. मला चौथीपर्यंत लिहायला-वाचायला येत होतं म्हणून त्यांनी मला हाताशी घेतलं. दुसरं कारण नव्हतं. काशीबाई दाराशी पहाऱ्याला.

"भरा आता कांडी," मास्तर अंधारातून म्हणायचे.

"दिसत नाही काही!"

"रोज कुठे बघता? हाताला माहीत आहे."

खरं होतं. हाताला माहीत होतं.

गावात बोलणं झालंच. अंधारात बायांना बसवतो म्हणून माझा दीर, गोदाचा नवरा, तावातावाने आला. "अंधारात बायांचं काय बघता हो तुम्ही?"

"अंधारात काही दिसत नाही," मास्तर म्हणाले, "म्हणून तर अंधार केलाय. बसा." आणि दिराच्या मनगटाला बल्ब बांधून विडी वळायला लावली. दोन दिवसांनी त्या विडीचा फोटो त्याला दिला. काळ्या कागदावर पांढरं वेटोळं, शेवटी एक शेपूट. दिराने तो घरी नेऊन देवाच्या फोटोशेजारी लावला. पुन्हा काही बोलला नाही.

आमचेही फोटो त्यांनी दाखवले. गोदाचा हात म्हणजे जिलबी, मावा जिलबीसारखी जाड आणि गोल. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "मास्तर, मले भूक लागली हो माह्याच हाताले पाहून." माझी लांबट रेघ होती, आणि तिच्यात दोन जागी उजेड जास्त. तिथे मी थबकत होते. मी तो कागद बराच वेळ धरून होते. काशीबाई म्हणाली, "काय वं, लगनाचा फोटो आहे का?"

फोटोवरून मास्तर तार वाकवत. प्रत्येक बाईच्या हाताची एक तार, रेघ जशी वळते तशी वळवलेली. शेडच्या मागच्या खोलीत राहत, तिथे आढ्याला या तारा टांगल्या होत्या. वारा आला की वीस बायांचे हात एकमेकांवर वाजत. त्या खोलीत भांडी दोन, लुगदी झालेली पुस्तकं आणि वर आम्ही. जेवायचे उभ्याने. बसून जेवलं की माणूस वाकतो म्हणायचे.

मी एकदा सरळच विचारलं, "मास्तर, मशीन आलं की आमच्यातल्या किती जाणार?"

"सेठ दहा म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मी वीस जागांचा बाक काढलाय. दहाचा मला काढता येत नाही."

"काहून येत नाही?"

त्यांनी वर बघितलं. "यातली कोणती तार उतरवू, सांगा."

मी नाही सांगितलं. सेठनेही शेवटी वीसला होकार दिला, पण अट घातली. काही बिघडलं, कोणाला लागलं, तर हा बाक मोडायचा. मग तो बाहेरून तयार मशीन आणणार आणि ते सहा पुरुष चालवणार. बायांना रजा. हे त्याने आमच्यासमोर सांगितलं, लपवून नाही. वीस घरांची चूल त्या बाकावर होती. माझ्या नवऱ्याचं केळीच्या बागेतलं काम बाराही महिने नसे. गोदाच्या पोटात तेव्हा काही नव्हतं पण तिला हवं होतं, आणि जमिनीवर बसून ते राहत नाही असं तिला वाटे. बाकाची सगळ्यात घाई तिलाच होती.

बाकाची उंची ठरवायला मास्तरांना लाकडी बाई करायची होती, आम्हा वीसजणींच्या मापाची. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, कंबरेपासून खांदा, खांद्यापासून डोकं. परपुरुषाने मापं घ्यायची सोय नव्हती, म्हणून मला सुतळीचे वीस तुकडे दिले. एकेकीला उभं करायचं, टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरायची, प्रत्येक सांध्यापाशी गाठ मारायची, आणि टोकाला तिच्या लुगड्याची चिंधी बांधायची म्हणजे कोणाची कोणती ते कळेल.

पहिल्याच दिवशी काशीबाईने माझा हात धरला. "उभं माप जित्या माणसाचं घेत नाहीत. उभं माप तिरडीसाठी घेतात. तुले कोनी शिकवलं नाही काय?"

शिकवलं होतं. माझ्या आईनेही मला कधी भिंतीशी उभं करून उंची बघितली नव्हती. बायांनी काम सोडलं आणि बोलायला लागल्या. एकीच्या दिराचं माप शाळेत घेतलं आणि तो पटकीत गेला. एकीने धूलकोट गावातलं असंच उदाहरण दिलं. गोदाचं माहेर धूलकोटचं, ती म्हणाली असं तिथे काही झालेलं नाही, पण तिचं कोणी ऐकलं नाही. माप दिलं नाही तर बाक नाही, बाक नाही तर सहा पुरुष येतात, हेही सगळ्यांना कळत होतं. शेवटी काशीबाईनेच वाट काढली. माप द्यायचं, पण पुरं नाही. टाचेपाशी चार बोटं सोडायची. यमाला माप मिळालं तरी ते कोणाचंच नाही.

मी तसं केलं. एकोणीसजणींच्या टाचेला माझी चार बोटं आडवी लावली आणि त्यांच्यावरून सुतळी सुरू केली. माझी मी गोदाकडून घेतली, पण टाचेचं अंतर माझ्याच चार बोटांवरून तिला दाखवून. मास्तरांना वीस सुतळ्या नेऊन दिल्या. त्यांनी चिंध्या एकेक करून बघितल्या आणि म्हणाले, "छान बांधल्यात."

माझा विश्वास होता का? अर्धा होता. अर्ध्या विश्वासाने माणूस जास्त चुका करतो, हे मला नंतर कळलं.

देडतलाईच्या बाजारातून सागाचे तुकडे आणून त्यांनी महिनाभर खपून ती बाई केली. सांध्यांना खुंट्या आणि चामडं. हात वाकत, गुडघा वाकत, मान वळे. गोदा ओरडली, "मास्तर, नागडी बसवता काय बाईच्या जातीले?" आणि आपलं जुनं लुगडं आणून नेसवलं. वीसजणींच्या मधली उंची त्या लाकडी बाईची. पण आम्ही उभ्या राहिलो तर ती आमच्यापेक्षा जरा बुटकी दिसे. मास्तर म्हणाले, "लाकूड उभं राहिलं की बुटकंच दिसतं." काशीबाईने माझ्याकडे बघितलं.

तिच्या मापाने बाक झाला. तिला बसवलं की पाय जमिनीवर टेकत, पाठ सरळ, आणि गुडघ्यावर पाच बोटं जागा सोडून वर दांडा. आम्ही बसलो की गुडघे चार बोटं वर येत आणि दांड्याला लागायला होत. सोपं आहे. पायच चार बोटं लांब होते. मग आम्ही पाय एका बाजूला घेऊन तिरक्या बसायला लागलो.

मास्तर बाकाच्या पुढून-मागून फिरत राहायचे. "ती सरळ बसते. तुम्ही तिरक्या का बसता?"

"सवय व्हायची आहे," कोणीतरी म्हणे.

"हाताला सवय लागते. गुडघ्याला कसली सवय?"

आम्ही हसायचो. त्यांना हे सुटत नव्हतं. तीन दिवस त्यांनी जेवण केलं नाही असं इंजिनवाला म्हणाला. मला सांगावंसं वाटलं. तोंडाशी आलं होतं. पण काम चांगलं चालत होतं, पाठी दुखत नव्हत्या, सेठ खूश होता. बाराव्या दिवशी गोदाने तिरकं बसून पाय आखडला म्हणून एकदा सरळ केला.

गोदाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाय ठेवायचा की नाही ते तीन दिवसांनी सांगू, आणि ताप चढला तर बाईचंही सांगता येत नाही. दीर तिथे बसला. मी शेडवर परत आले, कारण दुसऱ्या दिवशी सेठ येणार होता आणि त्याच्या आधी मला मास्तरांना भेटायचं होतं.

दुपार कलली होती. ते शेडमध्ये लाकडाचे तुकडे जुळवत बसले होते, डाव्या हाताने. उजवा हात फळीला बांधून गळ्यात अडकवलेला. लाकडी बाईचं पाऊल हातात घेऊन बघत होते.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. तिरडीचं, काशीबाईचं, चार बोटांचं.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, "प्रत्येकीची आपापली चार बोटं, की तुमची?"

"माझी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"हात बघू." मी हात पुढे केला. त्यांनी लाकडाची एक कपची माझ्या बोटांशेजारी धरली आणि नखाने तिच्यावर खूण केली. "बरं झालं. चूक सगळीकडे सारखी आहे. सारखी चूक दुरुस्त करता येते." मग म्हणाले, "मला सांगितलं असतं तर चार बोटं मीच मिळवली असती. माप तुमच्याकडे राहिलं असतं आणि बाक माझ्याकडे बरोबर झाला असता. एवढंच करायचं होतं."

एवढंच करायचं होतं. हे वाक्य मी किती वेळा स्वतःशी म्हटलंय ते सांगण्यात अर्थ नाही.

"एक पुरं माप पाहिजे," ते म्हणाले. "खात्री करायला. एकच."

मी दार उघडं होतं ते तसंच ठेवलं आणि खांबाला पाठ लावून उभी राहिले. सुतळीचं एक टोक मी डोक्यावर धरलं. त्यांना एका हाताने जमेना, म्हणून ते गुडघ्यावर बसले आणि दुसरं टोक अंगठ्याने माझ्या टाचेशी दाबून धरलं.

"थांबा," मी म्हटलं.

ते थांबले. वर बघितलं नाही.

"घ्या."

सुतळी ताणली गेली. परक्या पुरुषाने मला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलं. नवऱ्याने कधी मोजलं नव्हतं, त्याला गरज पडली नाही. मास्तर सुतळी घेऊन उठले, तिच्यावरच्या गाठी डाव्या हाताने आणि दातांनी मारल्या, आणि म्हणाले, "तुम्ही माझ्या समजुतीपेक्षा उंच आहात." दुसरं काही झालं नाही. मी घरी गेले आणि भाकरी केल्या.

सकाळी सेठ आला. आम्ही एकोणीसजणी रांगेत उभ्या. सेठ बाकाला लाथ मारून म्हणाला, "किसकी गलती है? औरतों की? बैठना नहीं आता इनको?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. टाकलं एवढं खरं. तोंड उघडलं नाही.

"गलती मेरी है," मास्तर म्हणाले. "माप मैंने गलत लिया. इनसे पूछना था, नहीं पूछा."

"तेरा माप गलत?" सेठला खरंच आश्चर्य वाटलं. त्याचा गुडघा याच माणसाने ओळखला होता.

"चार उंगल."

आमच्यातली एक जरी बोलली असती, मापं आम्हीच खोटी दिली म्हणून, तर त्याच दिवशी सगळ्यांना रजा होती. मास्तरांना ते माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि मी एक पाऊल पुढे टाकून उभी होते, गप्प. मास्तरांनी पंधरा दिवस मागितले: बैठक आणि दांडा दोन्ही चार बोटं वर घेतो, दांड्याला सगळीकडून फळ्यांची पेटी करतो, बाक पुन्हा चालवून दाखवतो. सेठ व्यापारी माणूस. बाकावर दुप्पट कांड्या निघत होत्या हे त्याने बघितलं होतं. म्हणाला, कर. पण बाक चालला की तू गावात दिसायचा नाही. बाईचा नवरा उद्या पोलिसात गेला तर मला दाखवायला कोणीतरी काढून टाकलेला पाहिजे.

पंधरा दिवसांत त्यांनी एका हाताने आणि माझ्या दोन हातांनी तो बाक दुरुस्त केला. मी फळ्या धरायची, ते खिळे ठोकायचे. फार बोलणं झालं नाही. एकदा म्हणाले, "तुमचा हात आता एकदाच थबकतो." मी म्हटलं, "दमलाय." ते म्हणाले, "नाही. दमलेला हात वेगळा."

बाक चालला. आम्ही सरळ बसलो. गुडघ्यावर पाच बोटं जागा राहिली.

ते सकाळी निघाले. आढ्याच्या तारा काढून त्यांचा एक जुडगा बांधला होता, कॅमेरा पाठीवर. टांगा वेशीशी उभा होता. मी म्हटलं, "माझी तार देऊन जा."

"तुम्हाला कशाला? तुमच्याकडे हात आहे."

तेव्हा होता. आता बोटं वाकडी झालीत, पेला धरला तरी दुखतात. तो बावीस वर्षांचा हात कसा चालायचा हे जगात एका तारेला माहीत आहे, आणि ती तार कुठे आहे ते मला माहीत नाही. ती मला हवी होती. अजून हवी आहे. त्या माणसाने माझं तोंड ओळखलं नसतं, पण माझ्या हाताकडे जितकं लक्ष देऊन बघितलं तितकं माझ्याकडे पुन्हा कोणी बघितलं नाही. मुलांनी नाही, नवऱ्याने नाही. त्यांची चूक नाही, त्यांना कामं होती.

टांग्यात बसताना म्हणाले, "गोदाबाई चालायला लागल्या की पहिलं पाऊल कोणतं टाकतात ते बघा. मोडलेलं की धड. मला कळवा."

"कुठे?"

"पत्ता ठरला की लिहितो."

चालायला लागल्या की, असं ते म्हणाले होते. तेव्हा गोदाचा पाय डॉक्टरांनी ठेवला होता, पण ताप उतरला नव्हता, आणि डॉक्टरही तसं म्हणत नव्हते.

चार महिन्यांनी तिला भिंतीला धरून उभी केली. दीर एका बाजूला, मी समोर बसले, तिच्या पायांकडे बघत. "काय पाहते वं जिजी," ती म्हणाली, "पैंजण नाही माह्या पायात." आणि तिने मोडलेला पाय आधी टाकला. डावा. मी ते त्याच दिवशी पोस्टकार्डावर लिहिलं, तारखेसकट. पत्त्याची जागा कोरी ठेवली. मास्तरांचं पत्र आलं नाही. त्यांचं संस्थान कुठलं हे मी सेठला विचारलं, त्याला आठवत नव्हतं. स्टेशनावर दोनदा जाऊन टांगेवाल्यांना विचारलं. एक म्हणाला इटारसीकडच्या गाडीत बसले, दुसरा म्हणाला भुसावळकडच्या.

बाक सतरा वर्षं चालला. वीस जागा, वीस बाया. कोणालाही पुन्हा लागलं नाही. कोणी गेली की तिच्या जागी तिची सून किंवा लेक बसे.

गोदाला त्यानंतर दोन मुली झाल्या. ती आयुष्यभर लंगडली आणि आयुष्यभर चालली, आणि म्हातारी होऊन गेली. काशीबाई आमच्यात सगळ्यात आधी गेली. त्या दिवशी शेडमध्ये ज्या वीस बाया होत्या, त्यांच्यातली आता मी एकटीच आहे. मास्तरांचं मला माहीत नाही.